वजन ठेवणारे व्याही

आमचे व्याही जगातल्या कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवत नाहीत, वजन ठेवतात. वर्तमानपत्र वाचून झालं की त्यावर अडकित्ता आणि अडकित्त्यावर पाण्याचा तांब्या. गाडीच्या डिकीत बाराही महिने रेतीची पोती, कारण मागून हलकी असलेली गाडी बुजते असं त्यांचं मत. त्यांच्या मुलीशी माझ्या मुलाचं लग्न ठरलं, तेव्हा साखरपुड्यासाठी आम्ही जळगावहून नेलेली साडी त्यांनी कौतुकानं ताटात ठेवली आणि पंख्यानं उडू नये म्हणून सगळ्यांदेखत तिच्यावर एक किलोचं लोखंडी वजन ठेवलं. परतताना माझी बायको म्हणाली, "मुलगी चांगली आहे हो, पण सासरा तराजूसकट मिळणार आहे आपल्या पोराला." लग्नातही मांडवाच्या प्रत्येक खांबाला सिमेंटच्या गोण्या बांधल्या होत्या. त्या दिवशी झाडाचं पानसुद्धा हललं नाही, आणि त्याचं श्रेय ते आजही गोण्यांनाच देतात.

याचं मूळ मी एकदा विचारलं. त्यांचं नवं नवं लग्न झालेलं असताना उन्हाळ्यातल्या एका वादळानं गोठ्याचे सगळे पत्रे उचलून शेजारच्या वावरात नेऊन टाकले होते. "हलकं व्हयनं का वस्तू जागावर राहस नही, भाऊ," ते म्हणाले आणि बोलता बोलता माझ्या टोपीवर त्यांनी आपला चष्म्याचा डबा ठेवला. माणसाच्या डोक्यात एक वाक्य असं पक्कं बसलं की पुढचं आयुष्य त्या वाक्याची चाकरी करण्यात जातं.

धुळ्याजवळ पांझरा नदीच्या काठाला त्यांचा मळा आहे. आमच्या विहीणबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, उत्तम झालं, पण घरी आल्यावर ओसरीत एकदा पडल्या आणि मनात भीती बसली. काठीशिवाय उभ्याच राहीनात, आणि काठी घेऊनही खुर्चीपासून पलंगापर्यंतच. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यात चालवा. दुसऱ्या कुणी त्यांना धुळ्यातल्या पोहण्याच्या तलावावर नेलं असतं. व्याह्यांनी ट्रेलरवरून अख्खा फायबरचा स्विमिंग पूल आणून मळ्यात खड्डा खणून बसवला. गावाला ती होडी वाटली, व्याही त्याला टब म्हणतात. त्या टबात विहीणबाईंची चाल बघावी. पायऱ्यांच्या कठड्याला काठी अडकवायच्या, छातीभर पाण्यात उतरायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मजेत फेऱ्या मारायच्या, वर नवऱ्यावर हुकूम. बाहेर आल्या की पुन्हा काठी, पुन्हा खुर्ची. पण दिवसातला तेवढा वेळ त्या चालत होत्या, आणि तेवढा वेळ व्याही काठावर बसून असत. "वजन म्हणून," असं सांगायचे.

मागच्या हिवाळ्यात विहीणबाईंच्या टाचेला तळाशी काहीतरी टोचलं. टबाला चीर पडली होती. भुसावळहून फायबरचं काम करणारे चाचा आले. त्यांनी पाहिलं आणि सांगितलं की टब पूर्ण रिकामा करावा लागेल, मात्र जपून. नदीकाठची जमीन, खाली पाणी असलं तर रिकामा टब होडीसारखा जमिनीतून वर उचलला जातो, भिंती आत फुगतात, आणि एकदा वर आलेला टब पुन्हा धड बसत नाही. व्याह्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला. आयुष्यभर आपण जे सांगत आलो ते अखेर एका जाणकारानं मान्य केलं याचा आनंद, आणि टब गेला तर बायकोचं चालणं गेलं, ही धडकी. रात्री मला फोन आला. "भाऊ, तुम्ही बठ्ठा जण या. जेवाले."

चाचांनी सांगितलं ते सगळं त्यांनी केलं. पाण्यात औषध टाकणं आधीच बंद करून ठेवलं, म्हणजे ते पाणी केळीला देता येईल. खान्देशात पाणी नुसतं फेकून देणाऱ्याला कोण माफ करणार? टबाशेजारी उभ्या पुरलेल्या पाइपात दोरीला दगड बांधून जमिनीतलं पाणी पाहिलं आणि मोटार लावून आधी ते खाली नेलं. मग टबातलं पाणी हळूहळू काढलं, आणि ते उतरेल तसे दोन भिंतींमध्ये आडवे लाकडी टेकू दिले. वरून ताडपत्रीची सावली. चाचा म्हणाले, आता घाबरायचं कारण नाही. पण यात वजन कुठं होतं? ते आम्ही होतो. आम्हाला चपला काढून टबात उतरवण्यात आलं, तळाशी चटया घातल्या होत्या, आणि भरिताची पंगत मांडली होती. जाडजूड पाहुण्यांना व्याह्यांनी स्वतः हाताला धरून मधोमध बसवलं. माझ्याकडे पाहून त्यांनी समाधानानं मान हलवली, हे मी बायकोला आजवर सांगितलेलं नाही. "जेवन आरामशीर करा," ते बजावत होते, "पन कोन्ही उठानं नही."

एका कोपऱ्यात चाचांनी चीर बुजवून ठिगळ सुकायला ठेवलं होतं. त्याचा उग्र वास, इकडे भाजलेल्या वांग्याचा आणि कळण्याच्या भाकरीचा. व्याही एका हातात भरिताची बादली आणि दुसऱ्या हातात पाइपातली दोरी घेऊन येरझाऱ्या घालत होते. त्यांनी घासही खाल्लेला नव्हता. ते विहीणबाईंनी वरून पाहिलं. त्या पायऱ्यांपाशी आल्या, रोजच्या सवयीनं काठी कठड्याला अडकवली, कठडा धरून खाली उतरल्या आणि चालू लागल्या. टेकू आला तिथं मान वाकवली, पुढं झाल्या. पंगतीतून पार पलीकडे जाऊन त्यांनी नवऱ्यापुढं भाकरी धरली.

"बठ्ठासले वाढं नि सोता उपाशी?"

मग त्यांनी खाली पाहिलं. तळ कोरडा होता. आम्ही सगळे घास हातात धरून बसलो होतो. व्याह्यांनी आम्हाला डोळ्यांनीच गप्प केलं आणि अगदी सहज म्हणाले, "लोनचं राही गे ना त्या कोपरामा." विहीणबाई क्षणभर थांबल्या. मग वळल्या आणि लोणचं आणायला गेल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही ठेच्यानं नव्हतं.

ठिगळ सुकलं. चाचा म्हणाले, आता टब रिकामा ठेवू नका, पाणी सोडा. पाण्याचा पाइप व्याह्यांच्याच हातात होता. विहीणबाई अजून फेऱ्या मारत होत्या, याला वाढ, त्याला विचार.

"भाऊ, सोडा पाणी, टब वर येईल," मी हळूच म्हणालो.

"बठ्ठा बसेल शेतस ना," ते म्हणाले, म्हणजे आम्ही सगळे अजून वजनाला बसलेलो होतोच. त्यांची नजर तिच्यावरून हलली नाही.

विहीणबाई आता अंगणात, मळ्यात चालतात, बाजारालासुद्धा जातात. टब भरलेला असतो, पण त्यात बहुतेक नातवंडंच डुंबतात. संध्याकाळी व्याही सवयीनं काठावर येऊन बसतात, आणि त्या मात्र कुठंतरी बांधावर, हाकेच्या पलीकडे गेलेल्या असतात. काठी अजून घरातच आहे. ओसरीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा आहे, त्याच्यावर ठेवलेली.