नवव्या माळेचा अध्याय

सप्तशृंगीच्या देवीची मान किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावर ऋषी पोथी वाचत होते, ती ऐकायला देवीनं कान तिकडे दिला, असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. त्या वर्षी मात्र मला वाटायचं की देवी साऱ्या जगाचं ऐकते, फक्त माझ्या बाजूचा कान तिनं मिटून घेतलाय. मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे अंघोळ करून पोथीचा एक अध्याय मोठ्यानं वाचायचा, हा माझा लग्नापासूनचा नेम. वाचन संपलं की इतर बायका नमस्कार करतात, मी हात जोडून भांडायचे. मागणं एकच होतं. माझ्या सईला चार मुलांसारखं लिहिता-वाचता येऊ दे.

सई तेव्हा चौथीत होती. बोलायला लागल्यापासून तिच्या प्रश्नांनी आमचं घर डोक्यावर घेतलं होतं. देवळ्याला आजोबांकडे गेली की कांदा साठवायच्या चाळीला खालून फटी का ठेवतात, हे विचारून विचारून गड्यांना भंडावून सोडायची, आणि पुढच्या खेपेला आजोबांनाच चाळीत वारा कसा फिरतो ते समजावून सांगायची. मोठाले हिशेब तोंडी करायची. पण वही उघडली की सगळं बिनसायचं. अक्षरं उलटी पडायची, अर्धे शब्द गळायचे, ओळ भलतीकडेच जायची. डोक्यातलं हातात उतरताना वाटेत सांडायचं. शाळेत प्रत्येक पालकसभेला तेच ऐकायला मिळे, मुलगी हुशार आहे पण आळशी आहे, मन लावत नाही. शेवटी बाईंनी सांगितलं की असंच चाललं तर दुसरी शाळा बघा. मला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. सईनं प्रश्न विचारणं बंद केलं होतं. जेवायला वाढलं की गप्प जेवायची, ताट उचलायची आणि आत जायची. "आई, असं का गं?" हे चार शब्द ऐकायला माझे कान आसुसले होते. पूर्वी ह्याच प्रश्नाला कंटाळून मी तिला दहादा गप्प केलेलं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

आम्ही प्रयत्न कमी केले नाहीत. डोळ्यांचे डॉक्टर झाले, कानांचे झाले. मग समुपदेशक झाले. एकांनी बुद्धीची चाचणी घेतली आणि आमचं अभिनंदन केलं, एवढ्या हुशार मुलीला अडचण कसली, लाड कमी करा म्हणाले. दुसऱ्यांनी तिच्याकडून फक्त लिहून घेतलं आणि हळू शिकणाऱ्या मुलांच्या वर्गात घाला म्हणाले. एकाचं म्हणणं हुशार आहे म्हणून अडचण नाही, दुसऱ्याचं म्हणणं अडचण आहे म्हणून हुशार नाही. घरी येताना गाडीवर आम्हा नवरा-बायकोच्या मध्ये सई बसायची, तिला सगळं कळत असायचं.

यात मी एक गोष्ट दरवेळी मोठ्या अभिमानानं सांगत असे. आमच्याकडे नवरात्रात घरी पारायण असतं आणि नवव्या माळेचा शेवटचा अध्याय घरातल्या सगळ्यात धाकट्यानं वाचायचा, अशी रीत आहे. सई दुसरीत असल्यापासून तो अध्याय वाचत होती. मांडीवर पोथी घेऊन, एकही ओवी न अडखळता, माझ्याच चालीवर. सगळे कौतुकानं ऐकायचे. म्हणून प्रत्येक तज्ज्ञासमोर मी ठासून सांगायचे की मुलगी पोथी खडाखडा वाचते हो, पुस्तकच तेवढं वाचत नाही. ते मान डोलवायचे आणि वाचनाचा विषय तिथेच संपायचा. सईचे बाबासुद्धा म्हणायचे, पोथीतली जोडाक्षरं येतात आणि धड्यातली येत नाहीत, म्हणजे ढोंगच की.

चैत्रात गडावर सासरच्या गावची मंडळी सामुदायिक पारायणाला बसतात. त्या वर्षी मी सईला घेऊन गेले. ऊन मी म्हणत होतं. धर्मशाळेच्या सभागृहात सगळे रांगेनं बसलेले, प्रत्येकाच्या मांडीवर पोथी. एकानं थोड्या ओव्या वाचायच्या, तो थांबला की शेजारच्यानं तिथून पुढे धरायचं. सईच्या पलीकडे मालेगावकडची एक म्हातारी बाई बसली होती. ओळख ना पाळख, जागा नव्हती म्हणून आमच्या रांगेत आलेली. सईची पाळी आली तेव्हा तिनं नेहमीसारखं खणखणीत वाचलं. मी डोळे मिटून ऐकत होते. मध्येच डोळे उघडले तर त्या मावशींचा हात सईच्या पोथीवर होता. पंख्याच्या वाऱ्यानं पानं उडत होती, त्या हळूच एक एक पान मागे घेत होत्या आणि सई समोर बघत वाचतच होती. मला वाटलं, किती प्रेमळ बाई आहे. त्यापुढचं काही माझ्या लक्षात आलं नाही.

प्रसादाच्या पंगतीनंतर सई हात धुवायला गेली तेव्हा मावशी माझ्याजवळ येऊन टेकल्या.  म्हणाल्या, "बाई, पोर लय हुशार शे. पण ती वाचत नाय."

मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, अहो आत्ता तुमच्याशेजारी बसून वाचलं की तिनं.

"पान भलतंच होतं," त्या म्हणाल्या. "तिला सगळं पाठ हाय. माझा नातू बी असाच. कुणाला कळू नये म्हणून पोर किती जीव काढतं, ते मला ठाऊक हाय."

 वरून आरतीची घंटा ऐकू येत होती. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? मावशींनी सावकाश सांगितलं की त्यांनाही कित्येकांनी परत पाठवलं होतं, मग नाशिकला एक मॅडम सापडल्या. त्या पोराशी खेळतात, गप्पा मारतात, वाचून दाखवतात, वाचून घेतात, लिहून घेतात, आणि एका बैठकीत निकाल देत नाहीत. मॅडमचं नाव त्यांना आठवेना. खूण मात्र पक्की सांगितली, गंगापूर रोडला अमुक वळणावर दुधाची डेअरी आहे, तिच्या वरच्या मजल्यावर. आम्हीही नाशिकचेच, त्या डेअरीतून मी वर्षानुवर्षं दही आणत होते. बाजूचा जिना कुठे जातो हे मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. मी सईला शोधायला उठले आणि परत आले तेव्हा मालेगावची गाडी सुटली होती. मावशींचं नावही विचारायचं राहून गेलं.

मॅडमसमोर बसल्यावर सवयीनं माझ्या ओठांवर तेच वाक्य आलं होतं. ते गिळून मी म्हटलं, तिला पोथी पाठ आहे, ती वाचत नसावी. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे नीट पाहिलं. पुढे सईच्या दोन-तीन बैठका झाल्या. शेवटी त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की हिची बुद्धी फार मोठी आहे आणि वाचन-लेखनाची अडचणही तितकीच खरी आहे. दोन्ही एकाच मुलीत आहेत आणि एकीनं दुसरीला झाकून टाकलंय. ती आळशी नाही, तुमच्यापेक्षा दुप्पट कष्ट करतेय. हे ऐकून ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला तो किती तरी वेळ पुसतच राहिले.

मग मॅडमनी सईला सहज विचारलं, एवढी पोथी पाठ कशी गं झाली?

"आई पहाटे वाचते ना," सई म्हणाली. "मी झोपलेली नसते. नवव्या माळेला मी म्हटलं की आई हसते."

मी तिथेच रडले. वर्षानुवर्षं मी देवीला ऐकवत होते, आणि पलीकडच्या खोलीत पांघरुणात एक जीव कान देऊन पडला होता. मी मागत होते की माझ्या मुलीला वाचता येऊ दे. देवीनं मला आधी हे दाखवलं की तिला वाचता येत नाही. माझं मागणंच अर्धं होतं आणि तिनं ते अर्धं दिलं नाही, म्हणून तर मी गडावर जाऊन बसले. आता मी भांडत नाही. आपल्याला जेवढं दिसतं तेवढंच आपण मागतो. तिला उंचावरून जास्त दिसत असणार.

वेगळ्या पद्धतीनं शिकणं सुरू झालं. शाळेशी मॅडम स्वतः बोलल्या, सवलती मिळाल्या. जादू काही झाली नाही. कष्ट आहेत, रडणं आहे, एखादा दिवस पूर्ण वाया जातो. त्यानंतर आश्विनात घट बसले. नवव्या माळेला मी सईला म्हटलं, यंदा मी वाचते, तू नुसती बस. तिनं पोथी माझ्या हातून ओढून घेतली. ओवीवर बोट ठेवलं आणि एक एक अक्षर लावत वाचायला लागली. अडली, मागे गेली, पुन्हा अडली. समईतलं तेल मला मध्येच घालावं लागलं. एक ओवी संपली, तेव्हा तिच्या कपाळावर घाम आला होता. एवढं वाईट वाचन आमच्या घरात कधी झालं नव्हतं, आणि एवढं गोडही.

बाकीचा अध्याय तिनं माझ्याकडे दिला. मी वाचत होते, ती मांडीला टेकून ऐकत होती, मान एका बाजूला कललेली. पोथी मिटून मी डोक्याला लावली, तेवढ्यात तिनं माझा पदर ओढला.

"आई, देवीला वाचता येतं का गं? की ती पण ऐकूनच शिकली?"

 मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, अजून प्रश्न विचार.