एक मागितलाय, एकच द्या

माझ्या आत्याला सगळी गल्ली भिंगआत्या म्हणते. जन्मभर तिनं उजव्या डोळ्यात भिंग धरून घड्याळं दुरुस्त केली. एकदा गजराच्या घड्याळाची स्प्रिंग उसळली आणि थेट डाव्या डोळ्यात गेली. उजव्यावर भिंग होतं म्हणून तो वाचला. डावा कायमचा गेला, तरी तिनं दुकान सोडलं नाही. ते सोडवलं माझ्या आतेभावानं, उरलेल्या डोळ्याचा पडदाही कमजोर झालाय असं डॉक्टर म्हणाले तेव्हा. किती दिवस साथ देईल, सांगता येत नव्हतं.

तेव्हापासून त्याचं एकच पालुपद. "आई, डोळा जप." सुई नको, पेपर नको, टीव्ही नको.

"जपून काय लोणचं घालू?" आत्या म्हणायची.

तिचं मन कशात अडकलंय ते मला ठाऊक होतं. तळ्यावर पक्षी बघायला आलेल्या कुणीतरी तिला त्याच्या स्कोपमधून, म्हणजे एकाच डोळ्यानं बघायच्या लांब नळीच्या दुर्बिणीतून, घटकाभर बघू दिलं होतं. पलीकडच्या काठावरचा बगळा, एरवी तिच्या लेखी नुसता करडा ठिपका. त्याची पापणी लवलेली तिनं पाहिली, आणि घरी येऊन जाहीर केलं की डोळा आहे तोवर आपल्याला आपला स्कोप हवा. पैसे तिचेच होते, त्यामुळे त्यावरून कुणाला तोंड उघडता आलं नाही.

दुकानात आम्ही दोघीच जाणार होतो. आतेभाऊ न बोलावता आला.

दुकानदार माणूस भला, पण घोडं एकाच जागी अडलेलं. "पहिल्यांदाच घेताय ना काकू? मग साधी दुर्बीण घ्या. दोन्ही डोळ्यांना आराम."

"मला एकच आहे."

तो गडबडला, पण हटला नाही. "तरी दुर्बीणच बरी. पुढंमागं घरात कुणालाही वापरता येईल."

त्या 'पुढंमागं'नं माझं डोकं फिरलं. आतेभावाला मात्र विनोद सुचला. "घे की आई! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन."

"मी आंधळी नाही," आत्या म्हणाली, "आणि तुम्ही दोघं देव नाही. एक मागितलाय, एकच द्या."

दुकानदारानं मुकाट्यानं दोन स्कोप मांडले. एकाची नळी सरळ, दुसऱ्याची डोळ्याकडे वाकलेली. "वाकड्या मानेचा बघू," आत्या म्हणाली. "माझीही तशीच झालीय."

स्कोप तिपाईवर चढवून दाराशी लावला. समोरच्या इमारतीच्या कठड्यावर घार बसली होती. आत्यानं सवयीनं भुवई खाली ओढली, गाल वर चढवला आणि भिंग पकडावं तसं स्कोपचं टोक खोबणीत पकडायला गेली. तिपाई डगमगली.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"काळोख."

पडदा आताच गेला की काय? आत्याचाही चेहरा उतरला. आतेभाऊ हळूच म्हणाला, "राहू दे आई. चल घरी."

"काकू, ते भिंग नाही, पकडू नका," दुकानदार म्हणाला. "जरा मागं या. बोटभर."

आत्या बोटभर मागं सरली. डावा डोळा तसाच उघडा, भिंगवाल्यांचा असतो तसा. मग तिनं हात वर करून आम्हाला गप्प केलं.

"मान तिरकी करून एका डोळ्यानं बघतेय माझ्याकडं," ती म्हणाली. "बुबुळ पिवळट तपकिरी आहे. हाच बांधा."

"पण आई, उद्या हा डोळा गेला तर?"

"गेला तर बघून जाईल." मग ती बाजूला झाली आणि लेकाला पुढं ओढलं. "ये, तूही बघ. तुला मात्र एक मिटावा लागेल."