लातूरच्या हॉलमधला समुद्र

ज्या घरी नळ आठवड्यानं येतो, त्या घरातल्या बाईनं हॉलमध्ये पुरुषभर लांबीची काचेची टाकी ठेवावी, तीत फिल्टरचं चांगलं पाणी भरावं आणि वरून त्यात मीठ कालवावं, हे आमच्या गल्लीला कधीच पटलं नाही. मॅडमच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे शेजारचं मत फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं होतं. मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. दिवसभर पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन घरी येते, गल्लीची शिकवणी फुकट घेत नाही.

टाकीत समुद्र होता. म्हणजे खडक, खडकांवर जिवंत प्रवाळ, शंखातल्या गोगलगायी, झिंगे, आणि एक समुद्रफूल, ज्याच्या बोटांमध्ये पांढऱ्या पट्ट्यांचे दोन केशरी मासे लपून बसत. एका नातेवाइकांनी प्रवाळ पाहून विचारलं होतं, एखादं पोवळं अंगठीत बसवायला मिळेल का. मी म्हटलं, घ्या की, पण रात्री त्याला खायला घालावं लागेल. ते पुन्हा आले नाहीत.

हे सगळं मी माझ्या हौसेसाठी उभं केलं होतं, पण गेल्या वर्षभरात टाकी मामांची झाली होती. मामा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्या आणि तेराव्यानंतर नवऱ्यानं त्यांना उमरीजवळच्या गावाहून लातूरला आणलं. आले ते मुके होऊनच. जेवण वाढलं की जेवायचे, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडायचे. सासूबाईंचा विषय कुणी काढला की उठून जायचे. एके दिवशी त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि टाकीसमोर बसले, ते संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी परत. पुढे पुढे अंघोळ उरकून, कपडे बदलून बसायला लागले, कामाला निघाल्यासारखे. मला त्याचा आनंद झाला आणि धास्तीही वाटायला लागली. कारण एका माणसाचं उठणं-बसणं आता या काचेवर आलं होतं, आणि असला समुद्र कधी दगा देईल याचा नेम नसतो.

त्यानं दगा दिला तो गावाकडचं वर्षश्राद्ध उरकून आम्ही परत आल्यावर काही दिवसांनी. सकाळी पाहिलं तर एक गोगलगाय वाळूवर उलटी पडली होती. सरळ केली, पुन्हा उलटी. दुपारी कॉलेजातून आले तोवर झिंगे आडवे झाले होते. दुसऱ्या दिवशी प्रवाळ आकसले, समुद्रफूल ओल्या फडक्यासारखं लोळागोळा झालं आणि पाण्याला वास यायला लागला. मासे मात्र धडधाकट. घर गेल्यामुळे जरा बावरलेले, पण दाणे टाकले की खात होते.

मला काही सुधरेना. मीठ मोजलं, बरोबर. पाण्याचं तापमान बरोबर. अर्धं पाणी बदललं, तरी मरणं थांबेना. मग मी माणसांकडे वळले. नवऱ्यानं आदल्या आठवड्यात स्वयंपाकघरात झुरळांचं औषध मारलं होतं. तो म्हणाला, "अगं, ओट्याखाली मारलं मी, तुझ्या समुद्रात नाही." मी म्हटलं, हवेला दार लागतं का? दोन दिवस आमचं बोलणं बंद. मग कामवाल्या मावशींना विचारलं, फिनेलचा हात टाकीत बुडवला का. त्या म्हणाल्या, "म्या कशाला बाई हात घालू त्या किड्यांत?" आणि दिवसभर भांडी आपटत राहिल्या. देवघरातली उदबत्ती बंद केली. मग शेजारच्या प्लॉटवर कुणी तरी तुरीवर फवारलं होतं, त्यांच्यावर संशय घेतला. ज्याच्यावर बोट ठेवावं तो कारण वाटायचा, आणि घटकाभरानं वाटायचा नाही. मामा खुर्चीत बसून मरणारी टाकी बघत होते. त्यांचं काय चाललंय मनात, तेही मला कळत नव्हतं.

शेवटी हैदराबादच्या ज्या दुकानदाराकडून मी प्रवाळ आणले होते, त्याला फोन केला. त्यानं सगळं ऐकून एकच विचारलं, "मछली जिंदा है, बाकी सब मर गया? तो मॅडम, पानी में तांबा गया है." त्यानं सांगितलं की माशांना थोडं तांबं सोसतं, उलट त्यांच्या आजारावर औषध म्हणूनही घालतात, पण गोगलगायी, झिंगे, प्रवाळ त्यात टिकत नाहीत. आणि खडक ते तांबं पिऊन बसतात, म्हणजे आता त्या खडकांवर पुन्हा काही लावायचं नाही.

फोन ठेवला. तांबं आलं कुठून? आणि तांबंच का? आमच्या ओट्यावर तांब्याचा हंडा आहे. रात्रभर त्यात ठेवलेलं पाणी सकाळी घरातले सगळे पितात, नवरा तर त्याचे फायदे पाव्हण्यांना ऐकवतो. जे आम्ही औषध म्हणून पितो, त्यानंच इथं सगळं संपलं? तांब्याचं रसायनशास्त्र मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, आणि तरी डोकं चालेना. टाकीतलं पाणी फिरवणाऱ्या मोटारीच्या वायरीतली तांब्याची तार उघडी पडली असेल म्हणून ती काढून पाहिली. अखंड होती.

रविवारी मासे बादलीत काढले आणि एकेक खडक उचलायला घेतला. मेलेलं जे निघेल ते परातीत टाकत होते. मामा खुर्चीत होतेच. सगळ्यात मागच्या खडकाखाली बोटांना काहीतरी गोल लागलं. बाहेर काढलं तर कडं होतं. हिरवंगार झालेलं, पण अंगठ्यानं घासलं तिथं तांबूस दिसलं.

ते सासूबाईंचं होतं. गुडघेदुखीवर गुण येतो म्हणून कुणी सांगितलं आणि त्यांनी ते हातात घातलं, ते शेवटपर्यंत. गुडघ्यांना गुण काही आला नाही.

मला आधी राग आला, आणि तो खरा राग होता. किती वर्षांची माझी मेहनत परातीत पडली होती. मग मी मामांकडे बघितलं आणि रागाचं काय करावं ते समजेना.

"म्या टाकलं," ते म्हणाले. "सराधाला गेलो तवा गावाहून आणलं. तिला समुंदर बघायचा होता. गावातल्या बाया रामेश्वरला गेल्या तवा गुडघ्यापायी हिला न्हाई नेलं. मोटार जाईस्तोर दारात उभी होती."

वर्षभरात त्यांच्या तोंडून सासूबाईंचा उल्लेख पहिल्यांदा येत होता. मी हात पुसायचेही विसरले.

मग त्यांची नजर परातीकडे गेली. उलट्या गोगलगायी, झिंग्यांची पांढरी पडलेली टरफलं, समुद्रफुलाचा चिखल. "माय," ते म्हणाले, "हे समदे त्या कड्यानं मेले का? तिच्या कड्यानं?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "नाही मामा. कड्याचा काय संबंध? तांबं तर पाणी चांगलं करतं. माझ्याच हातून मीठ जास्त पडलं."

"तुझ्या हातून?"

"हो. मोजताना चुकले."

आत नवरा ऐकत होता. झुरळांच्या औषधावरून मी त्याला दोन दिवस छळलं होतं, त्यामुळे तो हे मला जन्मभर ऐकवणार हे तिथंच ठरलं. पण तो बाहेर आला नाही.

मामांनी हात पुढे केला. मी कडं त्यांच्या हातावर ठेवलं. धोतराच्या सोग्यानं ते घासत बसले. हिरवं काही निघेना.

"मीठ कुणाच्याबी हातून जास्त पडतंय, माय," ते म्हणाले. "तिच्या हातून तर रोज पडायचं. जलमभर खारट वरण खाल्लं म्या. एकडाव बोललो, तर दोन दिस अळणी वाढलं."

आणि ते हसले. हसता हसता त्यांना रडू आलं, आणि रडता रडताच ते तिच्या वरणाचं, तिच्या भांडणांचं, लग्नात ती केवढीशी होती त्याचं सांगायला लागले. मी ओल्या फरशीवर, परातीशेजारी बसले. माझं त्यांना खरं वाटलं, की माझा खोटेपणा ओळखून त्यांनी मलाच सांभाळून घेतलं, हे मला आजही कळलेलं नाही. त्या दिवशी मी विचारलं नाही. ते बोलत होते, आणि त्यांनी थांबू नये एवढंच मला वाटत होतं.