अण्णांचा सरडा आणि काचेतला दुसरा

पेन्शनरांच्या बाकड्यावर किस्से गोळा करावे लागत नाहीत. तीन-चार संशयी माणसं रोज संध्याकाळी एकत्र बसली की ते आपोआप साठतात. आमच्या बाकड्यावरचे निम्मे सध्या एका सरड्याचे आहेत.

सरडा अण्णांकडे असतो. अण्णा म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरचे निवृत्त पीटी मास्तर. त्यांचा मुलगा नीलेश बँकेतली नोकरी सोडून जहाजावर गेला, तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद. दोन वर्षांनी तो अचानक काचेची पेटी घेऊन दारात उभा राहिला. पेटीत परदेशी जातीचा, गळ्याला काटेरी दाढी असलेला सरडा.

"मी परत येईपर्यंत सांभाळाल?"

"ठेव," अण्णा म्हणाले. दोन वर्षांतला हा पहिला शब्द. आता सरडा जगवणं भाग होतं.

*

आमच्या बाकड्यावरचे बापू मूळचे बुरोंडीचे, सगळं आयुष्य होडीवर गेलेलं. अण्णांकडे पेटीसमोरच्या खुर्चीत ते बसले की सरडा गळा फुगवून काळाठिक्कर पडायचा आणि काचेवर धडका मारायचा.

"मेल्याचं माझ्याशी काय वाकडं आहे?"

आठवडाभर बापू तिरके बसले. शेवटी त्यांनी खुर्चीच बदलली. तरी सरडा त्याच जागी धडका मारत राहिला. काचेत त्याला स्वतःचंच तोंड दिसत होतं.

"म्हणजे माझ्यावर राग नाही तर," बापू म्हणाले. थोडे हिरमुसलेच.

*

मग सरड्याने खाणं सोडलं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, काच बाहेरून झाका. अण्णांनी तीन बाजूंना काळा कार्डशीटचा कागद लावला. मागे काळं असलं की काचेचा झकास आरसा होतो, हे पीटीच्या अभ्यासक्रमात नसावं. आधी शत्रू एक होता, अण्णांनी तीन करून दिले.

कागद पाहून सोसायटीचे सेक्रेटरी आले. "आत काय लपवलंय?"

अण्णांनी झाकण उघडलं. सेक्रेटरी वाकले. सरड्याने वर पाहिलं आणि थेट त्यांच्या चष्म्यावर झेप घेतली. तिथे त्याला आणखी दोघे दिसले असावेत. सेक्रेटरी आता अण्णांकडे चष्मा खिशात ठेवून जातात.

*

अण्णांनी काळा कागद फाडून काढला. त्याच वेळी काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, पेटीत शेवग्याच्या पाल्याची वाटी ठेवली आणि तशीच दुसरी वाटी काचेबाहेर ठेवली.

"ही कुणाला?" मी विचारलं.

"त्या दुसऱ्याला. समोर कुणी उपाशी बसलं असेल तर याच्या घशाखाली घास उतरेल का?"

"काकू, काचेत वाटीसुद्धा दिसतेच की."

"दिसते. पण त्याला वाढलंय का कुणी?"

सरडा जेवला. अण्णांचं म्हणणं, कागद काढल्यामुळे. काकूंचं म्हणणं, वाढल्यामुळे. हा वाद अजून मिटलेला नाही.

*

सरडा गुबगुबीत झाला, काचेकडे पाहीनासा झाला. हीच खरी अडचण झाली. नीलेशने जहाजावरून व्हिडिओ कॉल केला आणि सरडा तीनदा जवळून दाखवायला लावला.

"बाबा, खरं सांगा. हा तोच आहे ना?"

अण्णांनी फोन काकूंकडे दिला आणि ते आत निघून गेले.

इकडे बापूंनी बाकड्यावर बातमी आणली की अण्णा हातखंब्याच्या फाट्यावर भोकं पाडलेला खोका घेऊन बसमधून उतरताना दिसले. आम्ही अण्णांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सरडा बदलल्याचा संशय संपला असता.

*

नीलेश आला त्या दिवशी बापू आणि मी तिथेच होतो. त्याने बूटही न काढता पेटीत हात घातला, सरड्याचा मागचा पाय उचलला आणि ओळखीचं तुटकं नख पाहिलं.

"तोच आहे."

"नीट तपासून घे," अण्णा म्हणाले. "बाप तोच आहे का, तेही बघ."

"आणि त्या खोक्यात काय होतं?" बापूंना राहवलं नाही.

"किडे," काकू म्हणाल्या. "याला पाला पुरत नाही. जिवंत किडे लागतात."

बापू खिडकीबाहेर पाहू लागले.

काकूंनी नीलेशला जेवायला वाढलं. बांगड्याचं तिखलं, भात. अण्णा समोरच बसले, हाताची घडी घालून, मान ताठ, चेहरा काळवंडलेला. "मला भूक नाही." नीलेशचा हात भातातच थांबला. तोही मान ताठ करून बसला. नाक, कपाळ, मान, सगळं बापाचंच.

काकू आत गेल्या. दुसरं ताट आणून त्यांनी अण्णांपुढे ठेवलं.

अण्णांनी ताटाकडे पाहिलं. मग पेटीकडे पाहिलं. मग ताट पुढे ओढलं. नीलेशने पहिला घास घेतला.

बापू माझ्या कानाशी लागले. "आता हे कागद काढल्यामुळे, की वाढल्यामुळे?"