एकदाच उकळलेल्या संत्र्याच्या साली

मंडळी, आज संत्र्याच्या साली पाकात शिजवून चॉकलेटमध्ये बुडवल्या.

कडवटपणा जायला साली आधी तीनदा उकळतात. आमच्याकडे एकदाच. "सगळा कडूपणा घालवायचा तर साखरच खा की," बाबा म्हणायचे. आई दरवर्षी तोंड वाकडं करून एखादी खायची.

बाबांना जाऊन दोन महिने झाले. म्हटलं, यंदा आईसाठी करू. तीनदा उकळल्या, छान गोड झाल्या.

आईने एक खाल्ली आणि बशी सरकवली. थोड्या वेळाने उरलेली संत्री सोलायला बसली.

"या एकदाच उकळ," म्हणाली.

तिला कडू अजूनही आवडत नाही.

गेलेल्या माणसाच्या आवडीचं तुमच्याकडे आता कोण खातं?