आप्पांचं भजन आणि फेजचा खटका

"गेलं," आप्पा खाटेवरून म्हणाले.

गेलंच होतं. कोपऱ्यातल्या स्पीकरमधून स्वच्छ भजन चाललं होतं, ते ओळीच्या मधेच तुटलं. दुपारपासून हाच खेळ सुरू होता. लागायचं, सगळ्यांचे चेहरे उजळायचे, आणि पुन्हा मुकं. दारात उभ्या असलेल्या बसवराजने, म्हणजे आप्पांच्या मुलाने, घड्याळाकडे बघितलं. आप्पांनी त्याला घड्याळ बघताना बघितलं. मला त्या पोराचा भयंकर राग आला, पण चूक त्याची नव्हती. काम मी अंगावर घेतलं होतं.

माझं उमरग्याला दुकान आहे. सीसीटीव्ही, साउंड सिस्टिम, इंटरनेटची जोडणी, येईल ते करतो. वायरमनचं लायसनही आहे. हल्ली लोक वस्तू ऑनलाइन मागवतात, खोकी फोडतात, दोन दिवस घरच्या घरी झटापट करतात आणि मग मला फोन करतात. हा फोन त्यातलाच, सास्तूरहून आलेला.

आप्पांनी जन्मभर गावात किराणा दुकान चालवलं. दर सोमवारी संध्याकाळी गावातल्या मठात भजन असतं. तिथं पेटीवर आप्पाच बसायचे. गेल्या उन्हाळ्यात ते अंगणात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं काही जमेना. खुर्चीत बसवून मठात न्यायचा प्रयत्न झाला, तर दुखणं वाढलं. तेव्हापासून माणूस खाटेवर. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. घरात ते आणि त्यांची धाकटी बहीण. तिला सगळं गाव आक्का म्हणतं, मीही तेच म्हणू लागलो.

मग मठातल्या कुणीतरी भजन मोबाइलवरून लाइव्ह दाखवायला सुरुवात केली. बसवराज पुण्यात कंपनीत आहे. त्याने डोकं चालवून आप्पांसाठी इंटरनेटवर चालणारा एक भारी स्पीकर घेतला. आप्पांना कानानं कमी ऐकू येतं, मोबाइलच्या आवाजावर त्यांचं भागत नाही. रेकॉर्डिंग लावून बघितलं, तर ते म्हणाले, "झालेलं भजन काय ऐकायचं? शिळं हाय ते."

मी आप्पांच्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हाच बसवराजने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. "जाधवसाहेब, आज सोमवार आहे. आजचं भजन त्यांना नीट ऐकू आलं, ते पुन्हा बोलायला-जेवायला लागले तर ठीक. नाहीतर उद्या सकाळी मी त्यांना पुण्याला नेतोय. आक्काला एकटीला झेपत नाही. तिथं लिफ्ट आहे, नर्स ठेवता येईल."

"कितवा मजला?" मी विचारलं.

"आठवा."

तो हळू बोलला होता, पण नेमकं ते आप्पांना ऐकू गेलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्र्याण्णवच्या भूकंपात या माणसाच्या डोळ्यांसमोर गाव भुईसपाट झालं होतं. तेव्हापासून ते कधी माडीवर झोपलेले नाहीत. पाहुण्यांकडे गेले तरी अंगणात खाट टाकून घेतात, असं आक्काने मला नंतर सांगितलं. आठव्या मजल्यावर त्यांचं काय होईल हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती. तेव्हा काम स्पीकरचं नव्हतंच. आप्पा घरात राहणार की नाही, हा प्रश्न होता.

आता घर कसं आहे ते सांगतो, नाहीतर अडचण कळायची नाही. पुढचं घर पुनर्वसनात मिळालेलं, जाड काँक्रीटच्या भिंतींचं. मागं मोकळं अंगण, आणि अंगणापलीकडे आप्पांची खोली. ती त्यांनी स्वतः बांधून घेतली, वर मुद्दाम हलके पत्रे. इंटरनेटची वायर पुढच्या घरात येते, राऊटर तिथंच. राऊटर म्हणजे आलेलं इंटरनेट वायफायने घरभर पसरवणारी डबी. पण ते वायफाय त्या काँक्रीटमधून अंगणात येईपर्यंत दमून जायचं, आणि खोलीत तर नावालाही नाही. मोबाइलची रेंजही मागं एकच दांडी.

सरळ उपाय म्हणजे भिंतीला भोक पाडून वायर न्यायची. मी ड्रिल मशीनची पिशवी उघडली, तेवढ्यात आप्पा पहिल्यांदा बोलले.

"भिंतीला हात लावायचा न्हाय, जाधवराव."

"आप्पा, बोटाएवढं भोक."

"एवढंसुदिक न्हाय. भिंत उभी हाय ती ऱ्हाऊ द्या."

मग मी दारातून वायर न्यायचं म्हणालो. त्यालाही नकार. दाराच्या चौकटीत काहीही नको. पळायची वेळ आली तर कुणी अडखळायला नको, आणि दार अडकायला नको. मी वाद घातला नाही. सास्तूरच्या माणसाशी भिंत आणि दार या दोन गोष्टींवर वाद घालायचा मला काय अधिकार?

बसवराजलाही हे ठाऊक होतं. म्हणून त्याने पॉवरलाइन अॅडॉप्टरची जोडी आणून ठेवली होती. वस्तू साधी आहे. मोठ्या चार्जरसारख्या दोन डब्या. एक राऊटरजवळच्या प्लगमध्ये लावायची आणि राऊटरला जोडायची, दुसरी स्पीकरजवळच्या प्लगमध्ये. घरात विजेची जी वायर आधीच फिरलेली आहे, तिच्यातूनच या डब्या एकमेकींशी बोलतात. वीज तिच्या वाटेने जाते, त्याच तारेवरून इंटरनेटही जातं. वेगळी वायर नको, भोक नको. या घरासाठी याहून चांगली वस्तू नव्हती.

"म्हंजी भजन लाइटीच्या तारंतनं येनार?" आक्काने विचारलं.

"व्हय."

"आन् आप्पाला शाक बसला तर?"

"भजनाने शॉक बसत नाही, आक्का."

तिला ते फारसं पटलं नाही, पण तिने चहा टाकला.

पहिला घोटाळा लगेच सापडला. बसवराजने मागची डबी एक्स्टेंशन बोर्डात लावली होती, लाल दिव्याचा महागडा बोर्ड. असे बोर्ड विजेतली गडबड गाळून टाकतात, आणि त्यांना आपला सिग्नलही गडबडच वाटतो. डबी काढून थेट भिंतीवरच्या प्लगमध्ये लावली. दिवा हिरवा झाला. स्पीकरवर मी एक जुनं भजन लावलं. आप्पांनी मान वळवली. आक्का चहाचे कप घेऊन आली ती तशीच उभी राहिली. मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली.

आणि ते बंद पडलं.

थोड्या वेळाने आपोआप सुरू झालं. पुन्हा बंद. माझ्या धंद्यात पूर्ण बिघडलेली वस्तू परवडते. कधी चालणारी आणि कधी न चालणारी वस्तू माणसाला वेड लावते. बसवराजने वस्तू परत पाठवायची भाषा सुरू केली. मी डब्या शेजारी शेजारी लावून बघितल्या. तिथं त्या सुरळीत चालत होत्या, म्हणजे वस्तूत खोट नव्हती. राऊटर तपासला. त्याला बॅटरीचा छोटा यूपीएस होता, त्यामुळे तो एकदाही बंद पडलेला नव्हता. दुपार सरत चालली. भजनाला फार वेळ उरला नव्हता आणि बसवराज आप्पांचे कपडे बॅगेत भरू लागला. माझ्यासमोर. ते मला सहन होईना.

मग माझ्या लक्षात आलं, आवाज गेला तेव्हा अंगणात पाण्याचा आवाज होता. बोअरची मोटार चालू होती. मोटार वायरीत भरपूर गडबड करते, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. मी मोठ्या रुबाबात बाहेर आलो.

"आक्का, चोर सापडला. मोटार बंद करा."

"टाकी भरली न्हाय आजून."

"भजन झाल्यावर भरा."

तिने मोटार बंद केली. मी मागं जाऊन कान दिला. स्पीकर मुकाच. बसवराज माझ्याकडे बघत होता, आणि मी स्पीकरकडे. रुबाब सगळा उतरला होता. आप्पा हळूच म्हणाले, "जाऊ द्या जाधवराव. लई केलं तुमी." त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी पुढच्या घरात गेलो आणि राऊटरजवळच्या डबीपुढं नुसता उकिडवा बसलो. दुसरं काय करणार? मी बघत असतानाच डबीचा दिवा हिरवा झाला. मी कशालाही हात लावला नव्हता. मागून भजनाचा आवाज आला. मी मान वर केली. मीटरच्या लाकडी फळीपाशी आक्का उभी होती आणि तिचा हात एका गोल खटक्यावर होता.

"आक्का, आत्ता काय केलं तुम्ही?"

"काय की. काय न्हाय केलं."

"खटका फिरवला?"

"व्हय, त्यो रोजचाच हाय. मोटार लावली की बलप डिम होतो. मग म्या फेज बदलते. मोटार बंद झाली की खटका परत जाग्यावर. आता मोटार बंद केली न्हवं तुमी?"

मी जमिनीवरच बसलो. हसावं की कपाळ बडवावं, कळेना.

हे समजून घ्यायचं तर फेज म्हणजे काय ते सांगायला हवं. खांबावरून वीज तीन वेगळ्या तारांनी येते. एकेक तार म्हणजे एक फेज. शहरातल्या साध्या घरात एकच येते. या घरात तिन्ही होत्या. खेड्यात एका फेजवर व्होल्टेज पडलं की लोक खटका फिरवून दिवे दुसऱ्या फेजवर घेतात. आपल्याकडे हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणाला त्यात काही केल्यासारखं वाटतच नाही. दिवा क्षणभर मिचकतो, तेवढंच. आणि आपल्याकडे दिवा मिचकला म्हणून कुणी मान वर करत नाही.

माझ्या डब्यांना मात्र एकच तार हवी. एक डबी एका फेजवर आणि दुसरी दुसऱ्यावर असेल तर बोलणं कधी झिरपतं, बहुतेक वेळा तुटतं. आक्का मोटार लावायची, पुढचा बल्ब मंद व्हायचा, ती खटका फिरवायची. पुढचं घर नव्या फेजवर जायचं, आप्पांची खोली जुन्याच फेजवर राहायची. मोटारीचा दोष नव्हता. मोटारीपाठोपाठ जो हात खटक्याकडे जात होता, तो सगळं करत होता.

"सोपं आहे," मी मागं जाऊन आप्पांना सांगितलं. "तुमची खोलीही त्या खटक्यावर घेतो. दोन्ही घरं एकदमच फेज बदलतील."

"न्हाय," आप्पा म्हणाले.

"आता काय झालं?"

"या खोलीची लाइन म्या सरळ घेतलीय, मीटरपासनं. मधी कुनाचा हात लागाय नको. रात्री खटका भलत्याच फेजवर ऱ्हायला, आन् मला उजेडच न्हाय, आसं चालनार न्हाय."

बसवराज वैतागला. "आप्पा, आता तरी..."

"थांब," मी म्हणालो. मला आप्पांचा राग येत नव्हता. अंधारात दार शोधलेल्या माणसाची ती मागणी होती. आणि तिथंच मला सुचलं. आप्पांच्या खोलीची लाइन हलवायची गरजच काय? डबीच आप्पांच्या फेजवर आणायची.

मीटरची लाकडी फळी राऊटरपासून हातभर अंतरावर होती आणि फळीवर जागा होती. मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली. आप्पांच्या खोलीकडे जाणारी लाइन खटक्याच्या आधीच फुटत होती. तिच्यावर फळीवरच एक नवा प्लग बसवला. भिंतीला एक खिळाही लागला नाही. डबी त्या प्लगमध्ये लावली. आता पुढचे दिवे कुठल्याही फेजवर जावोत, दोन्ही डब्या कायम आप्पांच्या तारेवर. त्या तारेवर व्होल्टेज कमी झालं तरी अशा डब्यांना आणि स्पीकरला फरक पडत नाही, बल्बसारख्या त्या मंद होत नाहीत.

मेन चालू केला. "आक्का, मोटार लावा."

"आता? भजन सुरू व्हायलंय की!"

"म्हणूनच लावा."

तिने मोटार लावली. बल्ब मंद झाला. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने खटका फिरवला. मी धावत अंगण ओलांडून खोलीत आलो. बसवराज स्पीकरपाशी वाकून उभा होता.

मठातलं भजन सुरू झालं होतं. टाळ, माणसांचे खोकले, कुणाच्या तरी लहान मुलाचं रडणं, सगळं येत होतं. टाकीत पाणी पडत होतं आणि भजन तुटत नव्हतं. मी दाराच्या उंबऱ्यावरच टेकलो. एवढं सुटल्यासारखं मला मोठमोठ्या कामांनंतरही वाटलेलं नाही.

आप्पा डोळे मिटून ऐकत होते. पांघरुणावर त्यांची बोटं हलायला लागली. मग एकदम त्यांनी कपाळाला आठी घातली.

"पेटीवर कोन बसलाय?"

"कुणी का बसेना, आप्पा," बसवराज म्हणाला.

"लई पळवालाय. टाळवाल्यांला सवड मिळंना. आक्का, त्याला निरोप धाड, उद्या मला भेटून जा म्हनावं." मग ते मुलाकडे वळले. त्यांच्या आवाजात दुकान चालवणाऱ्या माणसाची जुनी जरब होती. "आन् ती बॅग मोकळी कर. माजी धोतरं चुरगाळत्यात. तुला उद्या ड्युटी आसंल, तू सकाळी निघ पुण्याला."

बसवराजने माझ्याकडे बघितलं आणि तो हसला. बॅगेची चेन त्याने स्वतः उघडली. आक्काने दारातून विचारलं, भाकरी किती टाकू, तर आप्पा म्हणाले, "रोजच्यापरीस एक जास्त."

पुढं त्या घरून तक्रारीचा फोन आला नाही. आप्पा अजून त्यांच्याच खोलीत आहेत. पेटीवाला दर मंगळवारी येऊन बोलणी खाऊन जातो, असं आक्का सांगते. मी मात्र एक शिकलो. आता कुठल्याही घरी गेलो की राऊटर नंतर बघतो. आधी विचारतो, या घरात बल्ब मंद झाला की उठून कोण जातं, आणि कशाला हात लावतं.