पियुषच्या दुसरीच्या वह्या

रोहणा गावच्या छायाताईंनी मुलाच्या दुसरीच्या वह्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. टाकून देणे काही त्यांच्याने झाले नाही. टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली, तेव्हा संध्याकाळी सहापर्यंत गृहपाठाचा फोटो पाठवावा लागे. पियुष वही ढकलून रडत बसे आणि दिवसभर कातावलेल्या छायाताईंचा हात उठे. एकदा त्याच्या गालावर वळ उमटले आणि त्यांना स्वतःच्याच हाताची भीती वाटली. दुसऱ्या दिवसापासून त्या डाव्या हाताने, लेकराचे वाटेल असे अक्षर काढून, स्वतःच गृहपाठ लिहू लागल्या. बाईंची शाबासकी येई, घर शांत राही. दुसरी अशीच सरली.

सातवीतल्या पियुषला आज त्या वह्या सापडल्या.

“आई, दुसरीत किती चांगलं लिवत होतो वो मी. मंग आता काऊन जमून नाई राह्यलं?”

काहीतरी सांगून टाळता आले असते. छायाताईंनी पेन डाव्या हातात घेतले आणि वहीच्या कोऱ्या पानावर त्याचे नाव लिहिले. पियुष बराच वेळ दोन्ही पाने ताडून पाहत राहिला.

“म्हणजे मी काईच लिवलं नोतं?”

“मीच तुले लिवू नाई देलं, बापू.”